संयमी डॉक्टरांस आभारपत्र

मा. डॉक्टरसाहेब,


अकरा वर्षांच्या मुलीला सर्दी झाली तर अँटिबायोटिक आणि भूक मंदावली तर टॉनिक, आपण आईनं विचारायच्या आत लिहून देता. एचपीव्हीच्या लशीचा विषय निघाला की मात्र आपल्याला पालकांच्या निर्णयस्वातंत्र्याचा पुळका येतो. ‘बघा, तुमची इच्छा असेल तर घ्या,’ म्हणत आपण पुढच्या पेशंटसाठी बेल दाबता. या अलिप्ततेचं जाहीर कौतुक व्हावं म्हणून हा पत्रप्रपंच. लस घ्यायची की नाही हे ठरवताना पालकांच्या लेखी डॉक्टरांच्या शब्दाला मोठं वजन असतं, असं देशोदेशींच्या पाहण्या सांगतात. आपण सल्ला दिलाच नाही, असं आपल्याला वाटतं. आईनं मात्र तो व्यवस्थित ऐकलेला असतो, की फारशी गरज दिसत नाही.

आपल्याला माहिती नाही, असं म्हणण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही हा विषाणू आहे, हे शोधणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं, हे आपण जाणताच. फक्त ‘आत्ताच कशाला, लग्नाच्या वेळी बघू’ हे आपलं वाक्य काही पचत नाही. शिरलेला विषाणू ही लस घालवत नाही, नवा शिरू देत नाही. म्हणून तर ९ ते १४ हे वय. आपला हिशेब म्हणजे वरात दारात आल्यावर मांडवाचे खांब रोवायचे! मुलीच्या वागणुकीबद्दल कुजबुज होईल म्हणावं, तर हेपटायटिस-बीसुद्धा शरीरसंबंधातून पसरतो. ती लस बाळाला जन्मल्या दिवशी टोचतात, तेव्हा कुणी नाक मुरडत नाही.

राहता राहिलं खम्मम आणि वडोदरा. २००९ मध्ये तिथं सुरू झालेल्या या लशीच्या प्रकल्पात सात मुली दगावल्या, हे आपण आवर्जून सांगता. एक बुडून गेली, एक सर्पदंशानं. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही, तेवढं सांगायचं राहून जातं. पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननं संमतीपत्रांवर सह्या केल्या, हे संतापजनकच होतं आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण तो दोष सहीचा, लशीचा नव्हे. पुढची गंमत ऐका. त्या गदारोळात, २०१० मध्ये, बार्शी, पुणे, मुंबई अशा ठिकाणी चाललेली याच लशीची एक वेगळी चाचणीही सरकारनं थांबवली. ज्यांना दोन किंवा तीन डोस मिळायचे, त्यांतल्या हजारो मुली एकाच डोसवर राहिल्या. संशोधकांनी त्यांचा माग सोडला नाही. दहाएक वर्षांनी दिसलं, की एचपीव्हीच्या १६ आणि १८ या सर्वांत घातक प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका डोसनंही ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिलंय. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत बार्शीच्या मुलीही आहेत. ज्या गदारोळाकडे बोट दाखवून आपण हात आखडता घेता, त्याच्याच पोटी हा पुरावा जन्मला.

संसर्ग टळला म्हणजे कॅन्सर टळला असं नाही, ही शंका रास्त. स्वीडनच्या २०२० च्या अभ्यासात सतराच्या आत लस घेतलेल्यांत प्रत्यक्ष कॅन्सरच ८८ टक्क्यांनी कमी आढळला. तिथं डोस बहुधा एकाहून जास्त होते, हेही खरं. ‘गर्भाशयमुखाची तपासणी आहे की,’ असंही आपण म्हणता. तपासणी हवीच, लस घेतलेल्यांनाही. पण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी-चाळिशीच्या शंभर बायकांत दोघींचीसुद्धा ती कधी झालेली नव्हती, आणि या कॅन्सरनं देशात दरसाल पाऊण लाखाच्या वर बायका जातात.

शेवटचं कारण आपल्या कनवाळूपणाचं: ‘यांना परवडायचं नाही.’ पुण्यात बनणारी सर्व्हावॅक ही एचपीव्हीची लस २०२३ मध्ये डोसाला २००० रुपये अशा किमतीनं बाजारात आली. रक्कम लहान नाही, पण तिचा विचार पालकांना करू द्या. एमआरआय लिहिताना आपण कुणाच्या खिशाचा अंदाज बांधत बसल्याचं ऐकिवात नाही.



आपला,
एक आभारी वाचक