सोळा एप्रिलवाले

आमच्या वडिलांची जन्मतारीख १ जून. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचीही तीच. ही ग्रहताऱ्यांची किमया नव्हे, हेडमास्तरांची. माझ्या दाखल्यावर मात्र १६ एप्रिल अशी अस्सल वाटणारी तारीख आहे, आणि तिचा मला भारी अभिमान.

त्यात मी ठाणेकर. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला निघाली. १४ डबे, ३ इंजिनं, २१ तोफांची सलामी आणि ४०० पाहुणे. इतिहासकारांना इंजिनांचं कौतुक. आम्हा ठाणेकरांना त्या ४०० जणांचं. सगळ्यांना बसायला जागा मिळाली होती म्हणे!

पुढे दिनविशेष वाचायची खोडच लागली, तेव्हा कळलं की ही तारीख मुळातच प्रवासाची. विमानवाल्या राइट बंधूंपैकी विल्बर १८६७ मध्ये याच दिवशी जन्मला. नुसत्या चालण्यावर जगाला हसवणारा चार्ली चॅप्लिन १८८९ चा, तोही आमच्यातलाच. १९४३ मध्ये बाझलच्या प्रयोगशाळेत हॉफमन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या अंगात एलएसडीचा अंश चुकून गेला. तो घरी येऊन आडवा झाला आणि मिटल्या डोळ्यांपुढे रंगच रंग. बिनतिकीट प्रवास, दुसरं काय!

पण माझा खरा जीव हॅरिएट क्विंबीबाईंवर. १९१२ मध्ये याच दिवशी त्यांनी एकटीने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. असं करणारी पहिली बाई. पण आदल्याच दिवशी टायटॅनिक बुडालेली. वर्तमानपत्रं तिनेच भरलेली, बाईंना विचारतो कोण? माझ्या दहाव्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी आत्याचं ठरलेलं लग्न मोडलं. श्रीखंड शेजाऱ्यांकडे गेलं. त्यामुळे बाईंचं दुःख मला आतून कळतं.

लेनिनही १९१७ मध्ये याच रात्री आगगाडीने पेट्रोग्राडला उतरला. फक्त तिथल्या जुन्या कॅलेंडरात तेव्हा ३ एप्रिल होती. मला याचं नवल नाही. माझी आई मला तिथीने ओवाळते, बायको तारखेने. मधल्या दिवसांत माझं वय नक्की किती, यावर घरात एकमत नसतं.

यंदा आईला हे सगळं मोठ्या हौसेने वाचून दाखवलं. आई वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "अरे, पण तू रात्री पाऊण वाजता झालास."

"म्हणजे सतराला?"

"इंग्रजी हिशेबाने सतराला. आपला दिवस सूर्योदयाला बदलतो ना? ह्यांनी सोळाच लिहवलं."

म्हणजे वडिलांनी हेडमास्तरांचं काम घरीच उरकलं होतं! चॅप्लिन गेला, विल्बर गेला, बोरीबंदरची गाडी तर डोळ्यांदेखत सुटली. बायको म्हणाली, "अहो, सतराचं काय आहे ते तरी बघा."

बघितलं. १७ एप्रिल १९७०: चंद्रावर उतरायला निघालेलं अपोलो १३ न उतरताच सुखरूप परत आलं.

संध्याकाळच्या फास्ट लोकलमध्ये दारापर्यंत पोचता न आल्यामुळे ठाण्याला न उतरता मी कितीदा डोंबिवलीहून परत आलोय, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी काही बोललं नाही. आईने फक्त वातींचं ताट बाजूला सरकवलं आणि तोंडाला पदर लावला.