उपयुक्तराव

उपयुक्तराव नुसती उडी कधीच मारत नाहीत. आधी उडीचं प्रयोजन जाहीर होतं, मग उडी. "ही आगीची," म्हणत ते एका ठोकळ्यावरून दुसऱ्यावर जातात. "ही भूकंपाची," म्हणत भिंतीला लटकतात. एक उडी गव्याचीही आहे. २०२० च्या डिसेंबरात कोथरूडच्या महात्मा सोसायटीत गवा शिरला होता, तेव्हापासूनची ही तयारी. खरं तर त्या दिवशी पिच्छा माणसांनीच पुरवला आणि जीव गेला तो बिचाऱ्या गव्याचा. पण उपयुक्तरावांच्या नियोजनात गवा मागे असतो आणि ते पुढे.

नाव अर्थातच मी ठेवलेलं. वय चाळिशीच्या पलीकडे, नोकरी सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजरची, राहणं आमच्याच मजल्यावर. "पर्पज काय?" हा प्रश्न ते वरणात लिंबू पिळणाऱ्यालाही विचारतात. असा एक तरी इसम हल्ली पार्कूरच्या, म्हणजे वाटेतले अडथळे उड्या मारत पार करायच्या विद्येच्या, प्रत्येक बॅचमध्ये असतोच.

आमची बॅच भरते ती बाणेरच्या पुढे, एका पत्र्याच्या शेडमध्ये. आमची म्हणजे माझ्या मुलाची; मी बाकावर बसून डबा सांभाळतो. आत प्लायवुडचे ठोकळे, परांचीला लावतात तसल्या लोखंडी नळ्यांचा सांगाडा, गुडघाभर जाड मॅटा आणि शेजारी काढून ठेवलेल्या पंचवीस जोड मोज्यांचा एकत्रित वास. कोच तेवीस वर्षांचा. तो यांना 'सर' म्हणतो, पोरं 'काका' म्हणतात. "दादा म्हणा," असं यांनी एकदा सुचवून पाहिलं. पोरं इतकी हसली की विषय तिथेच मिटला.

उपयुक्तराव ऑफिसच्या पॅंटमध्ये सराव करतात. संकट आलं की ट्रॅकपॅंट शोधायला वेळ मिळणार आहे का, हा त्यांचा सवाल. चामड्याचे बूट कोचने बंद पाडले. पॅंटबद्दल मात्र नियम नव्हता. पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाच किलो कणीक आणि विम्याच्या कागदांची फाईल, कारण आपत्तीत माणूस रिकाम्या हाताने बाहेर पडत नाही. हा सरंजाम घेऊन त्यांनी पहिल्यांदा कॉंग व्हॉल्ट केला. म्हणजे धावत येऊन दोन्ही तळवे ठोकळ्यावर टेकायचे आणि पाय पोटाशी घेऊन हातांच्या मधून पार काढायचे. पाय निघाले. पॅंटची शिवण मात्र मागून पुढपर्यंत उसवत गेली. आवाज शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. कणकेला काही झालं नाही, हे त्यांनी उठल्याबरोबर सर्वांना दाखवलं.

त्यांची प्रिसिजन बघण्यासारखी असते. जागच्या जागेवरून समोरच्या नळीवर दोन्ही चवड्यांनी अलगद उतरायचं आणि तिथेच थांबायचं, एवढाच प्रकार. उपयुक्तराव ठोकळ्याच्या कडेला येतात. पायाची बोटं कडेबाहेर काढतात. नळीकडे बघतात, खाली बघतात, पुन्हा नळीकडे. गुडघे वाकवतात, हात मागे नेतात आणि सरळ उभे राहून चष्मा पुसतात. मागे रांग लागलेली. "काका, उडी मारताय की मुहूर्त काढताय?" हे आलं की मग ते सुटतात. नळी चवड्याला लागते, टाच खाली घसरते, हात पवनचक्कीसारखे फिरतात, आणि पाच किलो कणीक ज्या बाजूला ओढेल त्या बाजूला उपयुक्तराव पडतात.

मध्यंतरात पाणी पिताना ते आख्यान लावतात. १९०२ साली मार्टिनिक बेटावर पेले ज्वालामुखी फुटला, सेंट पिएर शहर काही मिनिटांत बेचिराख झालं. त्या बचावकार्यातून म्हणे जॉर्ज एबेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याला साक्षात्कार झाला: बळ कमवा, पण उपयोगी पडण्यासाठी. पुढे त्याच वळणाची मेहनत करून रेमों बेल पॅरिसच्या अग्निशमन दलात नावाजला. त्याचा मुलगा दाविद आणि दोस्तमंडळी यांनी लिस नावाच्या उपनगरात भिंती आणि जिने पालथे घातले आणि पार्कूर जन्माला आलं. हे सांगताना उपयुक्तरावांचा गळा दाटतो. पोरांना मात्र ठाऊक असतो तो २००६ चा 'कसिनो रोयाल', ज्यात जेम्स बॉन्ड याच दोस्तमंडळींतल्या सेबास्तियाँ फुकाँच्या मागे क्रेनवर चढतो.

"काका, तो पळत का असतो?"

"तो बॉम्ब बनवणारा असतो."

"म्हणजे पर्पज आहे की!"

हवेत उलटी कोलांटी घेणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग आहे. आगीत कोलांटी काय कामाची? २०१८ साली आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने पार्कूर आपल्याकडे ओढलं, जगभरच्या पार्कूरवाल्यांनी आरडाओरडा केला, तरी २०२२ मध्ये टोकियोत जागतिक स्पर्धा झालीच. उपयुक्तरावांनी घरी टीव्ही बंद ठेवून तिचा निषेध केला. इथे मी त्यांच्या बाजूचा आहे. जीव वाचवायच्या विद्येला साडेसात गुण द्यायचे म्हणजे फारच झालं.

घरी वहिनींची तक्रार वेगळी आहे. माळ्यावरचा मोठा कुकर काढायला सांगितला की हे म्हणतात, "स्टूल आण."

आणि जुलैत प्रसंग आलाच. शेजारच्या काकू कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आल्या आणि वाऱ्याने दार लागलं. आत दोन वर्षांचा नातू, गॅसवर दूध. उपयुक्तरावांची बाल्कनी काकूंच्या बाल्कनीशेजारीच, मध्ये साडेचार फूट. शेडमध्ये यांनी सहा फूट मारलेले. सगळा मजला बाल्कनीत लोटला. यांनी कठड्यावरून तळवा फिरवला, बोटांना लागलेलं हिरवं शेवाळ पाहिलं, खाली दोन मजले पाहिले आणि म्हणाले, "नाही. कठडा निसरडा आहे. शिडी मागवा." तोवर वॉचमन रंगाऱ्याची शिडी लावून खिडकीतून आत शिरलाही होता. दूध उतू गेलं, नातू सुखरूप होता, आणि पुढे महिनाभर सोसायटीत यांना 'शिडीवाले' म्हणत. खरं तर असल्या कठड्यावर उडी न मारणं हाच त्यांच्या शिक्षणाचा उत्तम भाग होता. कोच पोरांना हेच घसा कोरडा करून सांगतो. पण न मारलेल्या उडीला टाळ्या कोण देणार?

उपयोग शेवटी झाला तो लॉबीत. नुकत्याच पुसलेल्या लादीवर सकाळी उपयुक्तराव घसरले. हात टेकला असता तर मनगट गेलंच असतं. पण त्यांनी हनुवटी छातीशी घेतली, एका खांद्यावर अंग टाकलं, पाठीवरून तिरके दुसऱ्या कुल्ल्यावर आले आणि त्याच झोकात उभे राहिले. दुधाची पिशवी फुटली, उपयुक्तराव नाही. तळमजल्यावरचे आजोबा, ज्यांचं खुब्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी बाथरूममुळे झालं, हे बघत होते. म्हणाले, "आमच्या हिला शिकव रे असं पडायला."

तेव्हापासून दर रविवारी सात वाजता पार्किंगमध्ये ज्येष्ठांचा पडण्याचा वर्ग चालतो. आधी खाली बसून, मग गुडघ्यावरून. उभ्याने पडण्यापर्यंत अजून कोणी पोचलेलं नाही. आजोबांना डॉक्टरांनी परवानगी दिलेली नाही, ते खुर्चीवर बसून इतरांच्या चुका काढतात. गाद्या कमी पडतात. कोणाकडे जुन्या पडून असतील तर आणून टाका; कापसाच्या चालतील, स्प्रिंगच्या नकोत.