आत्मशोध: साहित्य आणि कृती

आत्मशोधासाठी पूर्वी घरदार सोडावं लागे. आता तेवढा वेळ कुणाला आहे? बारा मिनिटांत हे काम होतं. साहित्य: चार्जिंग असलेला फोन, एक ई-मेल पत्ता (यावर निकाल येतो, आणि मग वर्षभर जाहिराती) आणि घरात दुसरं कुणी नसलेली दुपार. शेवटचं साहित्य मिळणं कठीण, पण त्यात काटकसर करू नये. मी केली होती.

आधी चाचणी निवडावी. रोर्शाकसाहेबांचे १९२१ सालचे शाईचे दहा डाग आहेत, पण ते दाखवायला मानसोपचारतज्ज्ञ लागतो आणि ‘हे वटवाघूळ दिसतंय’ म्हटल्यावर तो वहीत काहीतरी लिहितो. ते बरं वाटत नाही. मानसशास्त्राच्या लोकांचा त्यातल्या त्यात विश्वास आहे तो ‘बिग फाइव्ह’वर. पण ती चाचणी माणसाला पाच पट्ट्यांवर मोजते आणि शिस्तशीरपणात शंभरातली एकाहत्तर माणसं तुमच्या पुढे आहेत, असं तोंडावर सांगते. हे काय व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावणार?

म्हणून जिचा निकाल चार अक्षरांत येतो, ती चाचणी घ्यावी. कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती रचायला घेतली. आधार युंग या मानसशास्त्रज्ञाच्या पुस्तकाचा. मानसशास्त्राची पदवी दोघींपैकी एकीकडेही नव्हती. लेकीच्या नावावर त्याआधी एक बक्षीसपात्र रहस्यकथा मात्र होती. तेव्हा शेवटपर्यंत उत्सुकता कशी ताणावी हे तिला ठाऊक असणारच. जगातली सगळी माणसं तिने सोळा खणांत बसवली. आपल्याकडे बारा राशींत बसवतात, म्हणजे चार खण जास्तच.

आता उत्तरं. प्रत्येक वाक्यापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत गोल असतात. मराठी माणसाचं बोट ‘तसं काही सांगता येत नाही’ म्हणत मधल्या गोलाकडे जातं. ते आवरावं. आपण आहोत कसे याचा विचार करू नये, त्याने वेळ जातो. नोकरीच्या अर्जात आपण जसे असतो, तसं उत्तर द्यावं.

मी नेमका रविवारी सकाळी, ओट्यापासून सहा फुटांवरच्या टेबलाशी बसलो आणि वाक्यं मोठ्यानं वाचली.

“मी कामांचं नियोजन आधीच करतो. पूर्ण सहमत.”

“सिलिंडर संपला तेव्हा नंबर कुणी लावला होता?” ओट्याकडून आवाज.

“मी तणावातही शांत असतो.”

“परवा चष्मा सापडत नव्हता तेव्हा?”

“नवीन माणसांना भेटून मला उत्साह वाटतो.”

“वर्गणीवाले आले की दिवा बंद करून बसतं कोण?”

असे व्यत्यय आले तर निकाल बिघडतो. मी फोन घेऊन गॅलरीत गेलो आणि उरलेली वाक्यं मनातल्या मनात वाचली.

निकाल येतो तो आपल्याबद्दलच असतो, यात शंका नाही. “तुम्ही वरून खंबीर दिसता, पण आतून हळवे आहात. तुमच्यातल्या क्षमतेचा अजून पुरेसा उपयोग झालेला नाही.” वाचून माझा गळा दाटला. वीस वर्षांत घरात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं! बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९४८ साली वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून वर्णन दिलं. किती जुळतं, याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. म्हणजे पंच्याऐंशी टक्के, दहावीच्या भाषेत विशेष प्रावीण्य. वर्णन सगळ्यांना एकच दिलं होतं, आणि त्यातली बरीचशी वाक्यं पेपरवाल्याकडे मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. हा प्रयोग निकाल लागण्याआधी वाचू नये.

यानंतर प्रगती. इथे पुष्कळांची चूक होते, ती म्हणजे निकाल पाहून माणसं स्वतःत बदल करायला जातात. गरज नाही. दोष तेच ठेवावेत, नावं बदलावीत. फोन न उचलणं हे अंतर्मुखपण, उद्धटपणा म्हणजे तर्कनिष्ठ विचार, आणि बिल शेवटच्या तारखेनंतर भरणं ही उत्स्फूर्तता. आमची आजी एका चुलत्याबद्दल “राक्षसगणी आहे तो” एवढंच म्हणायची आणि त्याला साठ वर्षं सगळं माफ होतं. त्याच्याकडे चार अक्षरं असती तर तो एखाद्या कंपनीत मनुष्यबळ विकासाचा प्रमुख झाला असता.

एक दक्षता: महिन्याभरानं हीच चाचणी पुन्हा देऊ नये. पुष्कळांचं एखादं अक्षर तेवढ्यात बदलतं. कारण साधं आहे. बहुतेक माणसं अंतर्मुख आणि बहिर्मुख यांच्या मध्येच कुठेतरी असतात, आणि चाचणी बरोबर मधोमध रेघ मारते. चौतीसवाला नापास, पस्तीसवाला पास, तसं. आदल्या रात्री झोप नीट झाली नाही तरी माणूस रेघेच्या पलीकडे जातो.

परदेशी माल नकोच असेल त्यांच्यासाठी दासबोध आहे. दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात मूर्खाची लक्षणं आहेत, दहाव्यात पढतमूर्खाची. ई-मेल लागत नाही, आणि ‘तुम्ही दुर्मीळ आहात’ असं समर्थ कुणालाही सांगत नाहीत. मी एका बैठकीत दोन्ही समास वाचले. ओव्या वाचता वाचता नावं आठवत गेली, दोन साडू, एक साहेब, सोसायटीचे सेक्रेटरी. माझं नाव कुठे आलं नाही. दहाव्या समासाच्या वेळी थोडी धाकधूक झाली, पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

राहता राहिली एक प्रगत पद्धत, जिला मानसशास्त्रातही मान आहे: प्रश्नावली स्वतः न भरता जवळच्या माणसाकडून भरून घ्यायची. ही घरी करून पाहू नये असं माझं मत. त्या रविवारी जेवणानंतर मला डुलकी लागली आणि जागा झालो तेव्हा फोन हिच्या हातात होता. बारा मिनिटांची चाचणी हिने चार मिनिटांत संपवली. मधल्या गोलाला एकदाही हात लावला नव्हता. चारपैकी तीन अक्षरं बदलली.

खालचं वर्णन मी अजून उघडलेलं नाही. हिच्या माहेरच्या ग्रुपवर ते गेलंय, एवढं कळलं. अकरा अंगठे आलेत, आणि सासूबाईंनी लिहिलंय, “शंभर टक्के.”