नानांची सोपी फेरी

आमच्या नंदुरबारच्या नानांना सोपं काम सांगू नये. अवघड सांगावं, ते चुटकीसरशी होतं. तरुणपणी ते धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंब्याच्या यात्रेला गेले, ते केवळ गल्लीतल्या पोरांनी ट्रकमधून हाक मारली म्हणून. पायात स्लिपर, खांद्यावर टॉवेल, खिशात शेंगदाणे. सातपुड्यातला चार हजार फुटांवरचा तो सुळका, रात्रीची चढण, वर अश्वत्थाम्याचं दर्शन. परत आले, आंघोळ केली आणि कचेरीत गेले. घरच्यांना वाटलं होतं, बाजारात गेलेत.

तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठाने पायी फिरून यायचं ठरलं, तेव्हा मात्र नानांनी दोनशे पानी वही आणली.

नाना भूमापनाच्या नोकरीतून निवृत्त झालेले. मोजल्याशिवाय जमीन असते यावर त्यांचा विश्वास नाही. पहिली बैठक मिरचीच्या पथारीजवळच्या टपरीवर झाली. त्या जागेचा फायदा असा की ठसका लागायच्या आत ठराव करावा लागतो. तोटा असा की नानांना ठसका लागत नाही.

तलाव उजव्या हाताला ठेवायचा की डाव्या, यावर तासभर गेला. नानांचं म्हणणं, गोरक्षनाथांचं मंदिर जवळ आहे, म्हणजे ही प्रदक्षिणाच. तलाव उजवीकडे हवा. कोणीतरी विचारलं, मग देवळालाच प्रदक्षिणा का घालू नये? त्याला वाहनव्यवस्थेच्या उपसमितीवर टाकण्यात आलं.

मग महिना. पावसाळ्यात सीताखाईचा धबधबा बघण्यासारखा असतो. पण सातपायरीच्या घाटात धुकं. महाशिवरात्रीला यात्रेची गर्दी. उन्हाळ्यात वर गारवा. पण वर पोचायला आधी खाली शहाद्याच्या उन्हातून जावं लागतं. नानांनी बारा महिन्यांपुढे बारा हरकती लिहिल्या, आणि अधिक मासाचा विचार सुरू केला.

टपरीवाला शेवटी म्हणाला, "नाना, तयं काय पयी जाई ऱ्हायनं का?"

नानांनी ते वहीत टिपलं : पाण्याची पातळी विचारून घेणे.

असे नाना गावोगाव असतात, आणि माझं त्यांच्याबद्दल एक मत आहे. डोंगर अवघड असला की पाय कुठे ठेवायचा हे डोंगरच सांगतो. तिथे माणसाला सूचना काढायला जागाच उरत नाही. सपाट वाटेवर सांगणारं कोणी नसतं. ती जागा रिकामी दिसली की नाना जाऊन बसतात.

सामानाची यादी मी पाहिली आहे. दोर, शिट्टी, दोन बॅटऱ्या, तिसरी बॅटरी (दोन शोधायला), मीठ-साखर, आयोडेक्स, दादर ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि 'ठेच्यावर उपाय म्हणून' केळी. सरावासाठी नानांनी दोन रविवार आम्हाला गावात चालवलं. एका सरावात आम्ही तलावाला फेरी पडेल त्याहून नक्कीच जास्त चाललो असू.

आणि एकदाचे निघालो. म्हसावदला चहा झाला, सातपायरीची वळणं संपली, वर हवा बदलली. साडेतीन हजार फुटांहून उंच पठार, मधोमध पाणी, काठाने वाट. वाट इतकी सरळसाधी की नानांचा चेहरा उतरला. त्यांनी सगळ्यांना झाडाखाली उभं केलं, वही उघडली आणि सूचना वाचायला घेतल्या. पहिली सूचना, 'सूचना पूर्ण होईपर्यंत कोणी निघू नये.'

काकू पहिल्या पानावर होत्या. दुसऱ्या पानाला नव्हत्या. त्यांच्या मागे पोरं गेली, पोरांना आवरायला सुना गेल्या, सुनांना हाक मारायला मी गेलो. चालताना गप्पा रंगल्या. तलाव कोणत्या हाताला होता हे कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. परत झाडापाशी आलो तेव्हा नाना सूचना क्रमांक एकोणतीसवर होते, 'मागे राहिलेल्यांची वाट पाहणे.' समोर गाडीचा ड्रायव्हर तेवढा बसला होता. तो झोपला होता, पण बसून.

"आलात?" नाना म्हणाले. "मग आता निघू या."

"आम्ही फिरून आलो," काकू म्हणाल्या.

नानांनी शांतपणे टोपण लावलं. "म्हणजे पाहणी झाली. चांगलं झालं. फेरीसाठी पुन्हा यावं लागेल."

परतीला शहाद्याच्या अलीकडे कोणीतरी उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्याचं नाव काढलं. गाडी थेट जाते, उतरून चार पावलं चालायचं. पुढच्या सीटवरून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"चार पावलं," नाना म्हणाले, "कोणाची?"