बांधावर करंट सोडणाऱ्या शेजाऱ्यास खुलं पत्र

करंट सोडणाऱ्या शेजाऱ्या,

तुझं नाव लिहीत नाही. भीमेच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. दोन्ही काठांना ऊस आहे आणि दोन्हीकडे तुझ्यासारखे आहेत. त्यांनीही हे वाचावं.

त्या रात्री लाइट दोनला आली. मी मोटर चालू करायला निघालो, कुत्रं पुढं होतं. तुझ्या बांधाशी ते एकदाच केकाटलं आणि गप्प झालं. बॅटरी मारली तर नडगीएवढ्या उंचीवर उघडी तार, लाकडी खुंट्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून ओढलेली. दुसरं टोक थेट खांबावरच्या आकड्याला. करंट खुंटीतून जमिनीत उतरू नये एवढी काळजी तू घेतलीस. माणसाची घेतली नाहीस. माझा पाय आणि ती तार यांच्यात दोन पावलांचं अंतर होतं.

सकाळी तू म्हणालास, "डुकरांसाठी होती, तुमच्यासाठी थोडीच?"

हेच कोर्टात सांगून बघ. मारायचा हेतू नव्हता, म्हणून खुनाच्या कलमातून सुटशीलही. पण कायदा हेतूपाशी थांबत नाही. जाणीव होती का, हयगय केली का, हेही तो विचारतो. हयगयीनं माणूस मेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106, 5 वर्षांपर्यंत कैद. जुन्या 304-अ मध्ये 2 वर्षं होती. आणि या तारेनं माणूस मरू शकतो हे तुला ठाऊक होतं असं दिसलं, तर कलम 105, सदोष मनुष्यवध. रोज उजाडायच्या आत तू आकडा काढून तार गुंडाळतोस. ठाऊक नसणारा माणूस असं करत नाही.

"माझं रान आहे," असंही म्हणालास. बिहारमधल्या चेरुबिन ग्रेगरीचा संडासही त्याचाच होता. शेजारचे लोक तो वापरतात म्हणून त्यानं वाटेवर उघडी तांब्याची तार लावून करंट सोडला आणि शेजारची बाई गेली. मालमत्तेच्या बचावाचा त्याचा दावा सर्वोच्च न्यायालयानं 1963 साली फेटाळला. न विचारता दुसऱ्याच्या जागेत पाऊल टाकलं म्हणून कुणाचा जीव स्वस्त होत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या न्यायालयानं 1974 साली असंच ठरवलं. तिथं गॅरेजच्या दाराला पिस्तूल बांधून ठेवलं होतं, गोळी एका पोराच्या तोंडावर बसली आणि मालक दोषी ठरला. समोर कोण आहे हे सापळ्याला दिसत नाही. तुझ्या तारेलाही कुत्रं, डुक्कर आणि मी सारखेच.

अपघाताचा बचाव न्याय संहितेच्या कलम 18 मध्ये आहे. पण त्यासाठी काम कायदेशीर हवं, रीत कायदेशीर हवी आणि पुरेशी काळजी हवी. तुझी तर वीजच आकड्याची, म्हणजे वीज कायद्याच्या कलम 135 खाली चोरीची. स्वसंरक्षणाचा हक्क गुन्ह्याविरुद्ध असतो आणि डुक्कर गुन्हा करत नाही. उद्या त्याच तारेला बिबट्या चिकटला तर वन्यजीव कायद्याखाली किमान 3 वर्षं आत जाशील.

डुकरांचा त्रास मी नाकारत नाही. एका रात्रीत माझाही ऊस मुळापासून उकरून आडवा केलाय त्यांनी. मी वनखात्याचा पंचनामा करून घेतला आणि झटका मशीन बसवलं. बॅटरीवर चालतं, थांबून थांबून टक टक करतं. जनावर चटका बसून पळतं, मरत नाही.

पुढच्या आठवड्यात तोडणीची टोळी येतेय. त्यांच्या कोप्या तुझ्या बांधाला लागून पडतात. त्यांची पोरं अंधारातच उठतात, अनवाणी असतात, आणि तुझी तार कुठून कुठे जाते हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ती आज काढ. उद्या दिसली तर आधी वायरमनला फोन करीन, मग पोलिसांना, आणि साक्षीला मी स्वतः उभा राहीन.

तुझा बांधशेजारी