तुरळक ठिकाणी खर्डा

नगरहून खर्ड्याच्या किल्ल्याला जायचं तर आधी नगर जिल्हा सोडावा लागतो. जामखेडचा रस्ता चिचोंडी पाटील मागे टाकून बीड जिल्ह्यात शिरतो, कडा आणि आष्टी करतो आणि मग जामखेडला स्वजिल्ह्यात परत येतो. एरवी प्रवाशाला याचं काही वाटत नाही. ऊस दोन्हीकडे सारखाच, खड्डेही सारखेच. पण मार्च ते मे या दिवसांत खिशातला मोबाइल कण्हतो आणि बातमी देतो, ‘अहिल्यानगर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे.’ आता आष्टीच्या स्टँडसमोर उसाचा रस पीत उभ्या असलेल्या माणसाने हा इशारा आपला मानायचा की शेजाऱ्यांचा? त्यातून हवामान खात्याच्या हिशोबी नगर जिल्हा पडतो ‘मध्य महाराष्ट्रा’त, आणि बीड व धाराशिव ‘मराठवाड्या’त. म्हणजे खर्डा हे मध्य महाराष्ट्राचं अगदी टोक. ही रेघ जवळजवळ तीच, जिच्या पलीकडे १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाचा अंमल होता. संस्थान विलीन झालं, निजामाची राजवट पुस्तकात गेली, तिची हद्द मात्र हवामानाच्या नकाशावर शाबूत आहे. ढगांना याची कल्पना नसावी. ते बालाघाटच्या डोंगरावरून नाक्यावर काही न भरता येतात.

असा इशारा आला की महाराष्ट्रात माणसं दोन तऱ्हेने वागतात. एक जात हसते: ‘हवामान खात्याने पाऊस सांगितलाय ना, मग छत्री घरी ठेवा.’ दुसरी जात ऑरेंज अलर्ट हा शब्द ऐकताच सहल रद्द करते आणि बुकिंगचे पैसे परत मागायला लागते. दोघांचीही चूक एकच. इशाऱ्याने आपल्याला नाव, गाव, वेळ आणि पत्ता सांगावा अशी दोघांची अपेक्षा असते. इशारा ढोबळ असतो कारण तो ढोबळच असला पाहिजे. त्यातून आपल्यापुरता अर्थ काढायचं काम प्रवाशाचं. ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द सरकारी गुळमुळीतपणा नव्हेत. जिल्ह्यातल्या फार तर पाव भाग ठिकाणी पाऊस पडेल, असा त्यांचा ठरलेला अर्थ आहे. आणि जिल्हा कुठला, तर १७ हजार चौरस किलोमीटरांहून मोठा, क्षेत्रफळाने राज्यात पहिला. त्याच्या एका टोकाला अकोले तालुक्यात १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, दुसऱ्या टोकाला खर्डा. उन्हाळी गडगडाटाचा एकटा ढग पाच-दहा किलोमीटर रुंदीचा आणि तासाभराच्या आयुष्याचा. गावजेवणात कुणाच्या तरी घासात खडा येणार हे आधी सांगता येतं. कुणाच्या, ते आचाऱ्यालाही ठाऊक नसतं. खडा आपल्याला लागला नाही म्हणून आचारी खोटा ठरत नाही.

रंगांचीही हीच गत. पिवळा म्हणजे थोडा पाऊस, नारिंगी म्हणजे मध्यम आणि लाल म्हणजे प्रलय, असं आपण सिग्नलच्या दिव्यांवरून ठरवून टाकलंय. खात्याच्या लेखी रंग पावसापेक्षा आपल्या कामाबद्दल बोलतात: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. ‘लक्ष ठेवा’ म्हटल्यावर सहल रद्द करणारा आणि ‘तयारीत राहा’ म्हटल्यावर किल्ल्याच्या तटावर चढून रील काढणारा, दोघांनीही पत्र दुसऱ्याचंच वाचलेलं असतं.

आता इशारा नेमका कशाचा? बर्फ पाहायला लोक पैसे भरून मनाली गाठतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि सोलापूरकडच्या शेतांवर तो गारांच्या रूपाने फुकट आला, शेतं पांढरी झाली आणि मोबाइलवर फोटो फिरले: ‘काश्मीर नव्हे, आपलं गाव!’ फोटोत गव्हाचं आणि द्राक्षांचं काय झालं ते नीट दिसत नव्हतं, कारण ते बर्फाखाली होतं. हिमालयात बर्फ टाकणारे पश्चिमी विक्षोभ आणि आपल्याकडची गारपीट यांचं अनेकदा खरोखरच नातं असतं. उत्तरेतून सरकणाऱ्या त्या प्रवाहाचं शेपूट दक्षिणेकडे लांबलं, समुद्रावरून आलेली ओल त्याला भेटली आणि खाली जमीन तापलेली असली की हवा सरळ वर उसळते. चार-पाच किलोमीटरवर पाणी गोठायची उंची लागते; थेंब तिथे घिरट्या घालत बर्फाचे थर चढवतो आणि जड झाला की खाली येतो. दुपारी अंगाची लाही आणि चार वाजता टपावर गारा, हा बालाघाटचा लहरीपणा नव्हे. सकाळच्या उन्हानेच दुपारच्या ढगाची भट्टी पेटवलेली असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: इशारे दहादा येतात आणि नऊदा कोरडे जातात. जाऊ देत की. हिशोब खर्चाचा करा. नऊदा इशारा मानल्याचा खर्च म्हणजे एखाद्या हॉटेलात तासभर बसणं, दोन प्लेट भजी आणि बायकोचं ‘मी म्हणत नव्हते?’ दहाव्यांदा न मानल्याचा खर्च राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत आहे: २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली. नैसर्गिक आपत्तींच्या मृत्यूंत विजेचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा होता. पुराच्या बातम्या जास्त चालतात, कारण पुराचं चित्रण करायला वेळ मिळतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जाणती माणसं म्हणतात, आम्हाला मोबाइल कशाला, आभाळ कळतं. वारा पडला, उकाडा वाढला, ईशान्येला काळं दाटलं, की समजायचं. हे ज्ञान खरं आहे आणि शेवटच्या अर्ध्या तासात ते कुठल्याही ॲपच्या तोडीचं आहे. अडचण खर्ड्याच्या भूगोलाची आहे. गाव आणि किल्ला डोंगरांच्या कुशीत. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनेही एक जागा सोडली तर हा किल्ला टेकड्यांनी वेढलेला असल्याचं लिहून ठेवलंय. जिथे क्षितिजच आखूड, तिथे ढग दिसतो तेव्हा तो डोंगर ओलांडून डोक्यावर आलेला असतो. वीज तर पावसाच्या पुढे दहा किलोमीटरवरही पडू शकते, म्हणजे जिथे उभे आहात तिथे चक्क ऊन असताना. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप २० ते ४० किलोमीटरच्या घेरातल्या विजा दाखवतं. जाणत्या म्हाताऱ्याला जे डोंगराअलीकडे दिसतं, ते यंत्राला पलीकडेही दिसतं. दोघांचं भांडण लावायचं कारण नाही. म्हातारा मोबाइल बघतच असतो, फक्त नातवाच्या खांद्यावरून.

घाबरण्याच्या बाजूचा पुरावा मात्र खर्ड्याइतका जोरदार दुसरीकडे मिळणार नाही. मार्च १७९५. निजाम अली मोहरी घाट उतरून आलेला, समोर सवाई माधवरावांच्या नावाने जमलेले यच्चयावत मराठे सरदार. ११ मार्चला लढाई झाली, पण तिचा निकाल लागला रात्री. डफ सांगतो की घोड्यांना पाणी शोधत एक छोटी मराठी तुकडी ओढ्याशी आली, निजामाच्या फ्रेंच सरदाराच्या, रेमंडच्या पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या, त्या आवाजाने सगळी फौज अंधारात बंदुका चालवू लागली आणि खुद्द निजाम आसऱ्यासाठी जवळच्या खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. इशारा ऐकल्याबद्दल त्याला दोष नाही. दोष निवाऱ्याच्या निवडीचा. किल्ला लहान, भोवती टेकड्या, टेकड्यांवर मराठ्यांच्या तोफा. दोन दिवसांत निजामाला तहाची बोलणी लावावी लागली आणि तीन कोट रुपये, दौलताबाद व दिवाण मुशीर-उल-मुल्क एवढं देऊन पाहुणे सुटले. त्या मानाने हल्लीचं पर्यटन स्वस्त आहे.

निजामाची चूक आजही होते, आणि तिथे विनोद संपतो. ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यातल्या पारसमध्ये वादळी पावसापासून वाचायला भाविक मंदिराच्या पत्र्याच्या शेडखाली थांबले होते. शेजारचं जुनं कडुलिंबाचं झाड शेडवर कोसळलं आणि सात जण गेले. म्हणून ‘कुठेतरी आडोशाला उभं राहू’ हे उत्तर नव्हे. झाड नको, शेड नको, होर्डिंग तर नकोच. पक्कं घर चालतं. काचा वर केलेली बंद मोटार चालते, आणि ती टायरांमुळे नव्हे, चारी बाजूंच्या पत्र्यामुळे. वीज त्या पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते. मोटारसायकलला पत्रा नसतो, हे चालवणाऱ्याने समजून घ्यावं. खर्ड्याच्या किल्ल्यासमोर २०२१ च्या दसऱ्याला उभारलेला ७४ मीटर उंचीचा भगवा ध्वज आहे. नेमकं आभाळ काळं झालं की त्याच्या पार्श्वभूमीवर भगवा फार खुलून दिसतो. फोटोग्राफरला हा मुहूर्त साधायचा असतो. विजेलाही उंच जागाच आवडते.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. इशारा दोन दिवस आधी मिळाला तरी उभी ज्वारी घरात नेता येत नाही. काढलेला कांदा ताडपत्रीखाली जातो, कडबा कसाबसा रचून होतो, जनावरं गोठ्यात येतात. मोसंबीच्या बागेला ताडपत्री घालता येत नाही. त्याच्यासाठी इशारा अपुराच आहे. पण हा आक्षेप हॉटेलात बसून पर्यटकाने घेऊ नये. त्याचं पीक म्हणजे एक डबा, दोन पाण्याच्या बाटल्या आणि सेल्फी स्टिक; ते हलवायला दीड मिनिट पुरतं.

तेव्हा खर्ड्याला उन्हाळ्यात जरूर जा, पण किल्ला सकाळी बघा. हे ढग बहुधा दुपार कलल्यावर माजतात. निघताना अहिल्यानगरबरोबर बीड आणि धाराशिवचाही इशारा वाचा. गडगडाट ऐकू आला की उघड्यावरून निघा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. खात्याचा तात्कालिक इशारा तीन तासांपुरताच असतो, म्हणून सकाळी नाश्त्याला वाचलेला दुपारी तटावर चढताना वापरू नका, नवीन बघा.