शटरापुढचं सरबत

अमेरिकेत उन्हाळा म्हणजे घरं बदलण्याचा हंगाम. मे महिन्यात कॉलेजची वसतिगृहं रिकामी होतात, गाद्या आणि छोटे फ्रिज पोरके होतात, आणि सामान ठेवायला भाड्यानं गाळे देणाऱ्या सेल्फ स्टोरेजवाल्यांची सुगी सुरू होते. सुगीत माणूस उदार होतो. मग पत्र्याच्या शटरांच्या रांगेपुढे तंबू उभा राहतो. लिंबू सरबत, हॉट डॉग, पोरांच्या गालांवर रंगवलेले वाघ, शाळेच्या दप्तरांसाठी देणगीचा खोका. याला म्हणे समाजाशी नातं जोडणं.

पण जोखीम बघा. या धंद्याची सगळी खुबी गिऱ्हाइकाच्या विस्मरणात. त्यानं कुलूप लावावं, भाडं दरमहा कार्डावरून परस्पर कापलं जावं, आणि आत काय ठेवलंय ते त्यानं विसरावं. अशा माणसाला सरबताला बोलावलं आणि त्यानं सहज शटर वर केलं तर? दहा बाय दहा फुटांत आजीचा सोफा आणि एकदाच चालवलेली व्यायामाची सायकल. तो तिथल्या तिथे हिशेब मांडेल, की भरलेल्या भाड्यात तीन सोफे आले असते. (आपल्या घरातल्या पोटमाळ्यानं कधी कुणाला सरबत पाजलं नाही, भाडंही मागितलं नाही.)

खरं तर गर्दी जमवायला तंबूची गरजच नाही. भाडं थकलं की गाळ्यातल्या सामानाचा लिलाव होतो. त्यावर 2010 पासून ‘स्टोरेज वॉर्स’ नावाची टीव्ही मालिकाही चालली. दुसऱ्याच्या खोक्यांत काय निघतं ते बघायला लोक न बोलावता जमतात, सरबत घरून आणून.